मेल्यावरही घर देणारी गोगलगाय

दिवाळीनंतर गावतळ्याचं पाणी ओसरू लागलं की काठच्या चिखलात गोगलगायींचे रिकामे शंख दिसू लागतात. काहींचं टोक झिजलेलं असतं. काहींवरचा हिरवट-तपकिरी पापुद्रा निघून खालचा पांढरा, खडूसारखा थर उघडा पडलेला असतो. कित्येक शंख दोन बोटांत धरून जरा दाबले तरी कुस्करतात. अशा तळ्यात दरवर्षी असंख्य गोगलगायी जन्मतात आणि मरतात, पण तळ काही शंखांनी भरून जात नाही. मग एवढे शंख जातात कुठे?

पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात नेमकं उलटं घडतं. तिथे तळावर काही ठिकाणी रिकाम्या शंखांचे पट्टेच्या पट्टे पसरलेले आहेत. त्यांतले काही शंख ज्या गोगलगायींचे होते, त्या मरून शेकडो वर्षं लोटली आहेत. तरीही ते इतके मजबूत आहेत की त्यांत मासे राहतात, अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. या पट्ट्यांतले बहुतेक मोठे शंख एकाच जातीचे आहेत. तिचं नाव निओथाउमा टांगान्यिसेन्से. आज ही गोगलगाय जगात फक्त या एका सरोवरात जिवंत सापडते. तिचे शंख का टिकतात आणि ती दुसरीकडे का आढळत नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना एका अख्ख्या सरोवराचा कारभार कळत जातो.

सरोवर आणि त्यातली गोगलगाय

टांगानिका सरोवर टांझानिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मध्ये आहे. त्याची लांबी सुमारे ६७० किलोमीटर आणि कमाल खोली सुमारे १,४७० मीटर. खोलीत सैबेरियातल्या बैकल सरोवरानंतर त्याचाच क्रमांक लागतो. आफ्रिका खंडाचं कवच इथे ताणलं जाऊन खचत गेलं आणि त्या खचदरीत पाणी साठलं. या खोऱ्याचं वय साधारण ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षं मानलं जातं. बहुतेक सरोवरं तुलनेनं थोड्याच काळात गाळानं भरून जातात. इथे मात्र तळ खचत राहिला, त्यामुळे सरोवर टिकलं. सजीवांना बदलायला, नव्या जाती घडवायला प्रचंड काळ मिळाला.

एवढं खोल पाणी असूनही जीवसृष्टी आहे ती वरच्या थरात आणि काठच्या उथळ कड्याला. विषुववृत्ताजवळ कडाक्याचा हिवाळा नसतो, त्यामुळे वरचं पाणी फारसं थंड होऊन खाली बुडत नाही आणि खालचं वर येत नाही. प्राणवायू वरून खाली पोचतो तो उत्तरेकडे जेमतेम १०० मीटरपर्यंत आणि दक्षिणेकडे सुमारे २०० मीटरपर्यंत. त्याखाली अंधार आणि प्राणवायूविना पडून असलेलं पाणी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे इंग्रज प्रवासी १८५८ च्या फेब्रुवारीत या सरोवराच्या काठी पोचले. स्पीकनं काठावरचे काही शंख गोळा करून नेले आणि युरोपातल्या अभ्यासकांचं लक्ष इथल्या गोगलगायींकडे वळलं. निओथाउमाचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश म्युझियममधल्या एडगर स्मिथ यांनी १८८० साली केलं. प्रत्यक्ष सरोवरात राहणाऱ्या गोगलगायींमध्ये ही सर्वांत मोठी. तिचा शंख पाच-सहा सेंटिमीटर उंचीपर्यंत वाढतो. उथळ पाण्यापासून सुमारे ६५ मीटर खोलीपर्यंत, वाळूत किंवा गाळात अर्धवट रुतून ती राहते.

ती व्हिव्हिपॅरिडी या कुळातली. आपल्याकडच्या तळ्यांत, भातखाचरांत आणि कालव्यांत दिसणारी बेलामिया बेंगालेन्सिस ही गोगलगायही याच कुळातली. म्हणजे गावतळ्याच्या काठचा कुस्करणारा शंख आणि टांगानिकाच्या तळावरचा टिकाऊ शंख हे एकाच कुळातल्या नातलगांचे आहेत. दोघींमधला फरक समजून घ्यायचा तर आधी शंख कसा बनतो ते पाहायला हवं.

शंख बनतो कसा

गोगलगायीच्या मऊ अंगाभोवती कातडीची एक घडी असते. तिला प्रावार म्हणतात. गोगलगाय पाण्यातून आणि खाण्यातून कॅल्शियम घेते. प्रावार त्याचा कार्बोनेटशी संयोग घडवून कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे, बारीक स्फटिक शंखाच्या तोंडाच्या कडेला रचत जातो. शंख वाढतो तो फक्त या कडेला. टोकाकडचा भाग गोगलगायीच्या बाळपणीचा असतो आणि तोंडाकडचा सर्वांत ताजा. म्हणूनच झिजायला सुरुवात होते ती बहुधा टोकापासून.

स्फटिकांच्या थरांवर प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा असतो. शंखाचा हिरवट किंवा तपकिरी रंग त्याच्यामुळे दिसतो. पाण्यातल्या आम्लापासून चुन्याचा बचाव करणं हे त्याचं काम. गोगलगाय जिवंत असताना ती आतून नवे थर चढवून शंखाची डागडुजी करते. ती मेली की डागडुजी थांबते, पापुद्रा कुजतो आणि शंख पाण्याच्या हवाली होतो. तिथून पुढे शंखाचं काय होणार हे पाण्यावर ठरतं.

पाणी शंख खातं किंवा राखतं

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. तळ्याच्या तळाशी पालापाचोळा कुजतो, त्यातूनही कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं सुटतात. आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट एकत्र आले की कार्बोनेट विरघळतं. कोकणासारख्या जांभ्या दगडाच्या मुलखात पाण्यात चुना मुळातच कमी असतो. असं चुन्याला भुकेलेलं पाणी शंखातला चुना काढून घेतं. गावतळ्यातले शंख जातात ते असे, पाण्यात विरघळून. उन्हात तडकणं आणि पायाखाली चिरडणं उरलेलं काम करतं.

आता खडीसाखरेचा खडा साध्या पाण्यात टाकून पाहा. थोड्या वेळात तो विरघळून जातो. तोच खडा घट्ट पाकात टाकला तर तसाच राहतो, कारण पोटात मावेल तेवढी साखर पाकानं आधीच घेतलेली असते. टांगानिकाचं पाणी चुन्याच्या बाबतीत अशा पाकासारखं आहे. त्यात कार्बोनेट भरपूर आहेत आणि ते चांगलंच अल्कधर्मी आहे. त्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, ९ च्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. अशा पाण्यात पडलेल्या शंखातला चुना सुटून जाणार तरी कुठे? पाक आणखी आटला की खड्यावर साखर चढते, तसं इथल्या कित्येक जुन्या शंखांवर उलट चुन्याचं पुट चढलेलं सापडतं.

हे पाणी असं कशामुळे झालं? एक कारण बाष्पीभवन. सरोवरातून जे पाणी कमी होतं, त्यातलं सुमारे ९० टक्के वाफ होऊन जातं. लुकुगा नदीवाटे बाहेर पडतं ते अगदी थोडं. वाफ क्षार नेत नाही, त्यामुळे ते सरोवरात साठत जातात. दुसरं कारण उत्तरेकडच्या ज्वालामुखींच्या प्रदेशात आहे. विरुंगा ज्वालामुखींच्या उद्रेकांनी किवू सरोवराचं खोरं उत्तरेकडून अडवलं आणि सुमारे १० हजार वर्षांपूर्वी त्याचं पाणी रुझिझी नदीच्या वाटेनं दक्षिणेला टांगानिकात उतरू लागलं. ज्वालामुखीच्या खडकांतून आलेले क्षार त्याच्यासोबत आले आणि आजही येतात.

शंखांनी भरलेला तळ

शंख विरघळत नाहीत म्हणजे ते साठतात. पण नुसतं साठणं पुरेसं नाही. वरून सतत गाळ पडत राहिला तर शंख त्याखाली गाडले जातील. जिथे तळाचा उतार कमी आहे, मोठ्या नदीचं मुख दूर आहे आणि लाटा व प्रवाह बारीक वाळू-माती धुऊन नेतात, तिथेच शंख उघडे राहतात. सरोवराची पातळी हजारो वर्षांत वर-खाली होत आली आहे. पाणी उतरलं की लाटांचा मारा खोल तळापर्यंत पोचतो आणि पुरलेले शंखही उघडे पडतात. नवे-जुने शंख एकमेकांत मिसळतात. रेडिओकार्बन पद्धतीनं वय काढल्यावर पृष्ठभागावरचे काही शंख हजार वर्षांहून जुने निघाले. शेजारीशेजारी पडलेल्या दोन शंखांच्या वयांत कित्येक शतकांचं अंतर असू शकतं.

सपाट, वालुकामय तळावर छोट्या माशाला लपायला जागा नसते. खडक नाहीत, कपारी नाहीत. अशा उघड्या माळावर जाड भिंतीच्या, गोल पोटाच्या, एका तोंडाच्या हजारो खोल्या आयत्या मिळाल्या तर काय होईल? माशांच्या डझनभराहून अधिक जातींनी या खोल्यांचा आधार घेतला.

शंखातले रहिवासी

हे सारे सिक्लिड कुळातले मासे. आपल्याकडे मिळणारा तिलापियाही याच कुळातला.

निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस हा जगातल्या सर्वांत लहान सिक्लिड माशांपैकी एक. त्याची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. तो कुटुंबकबिल्यासह राहतो. हे मासे तोंडात वाळू भरून दूर नेऊन टाकतात आणि गाडलेले शंख उकरून मोकळे करतात. त्यांच्या वस्तीच्या जागी तळाला खळगा पडतो आणि त्यात शंखच शंख दिसतात. प्रत्येक सभासदाचा शंख ठरलेला. संकटाची चाहूल लागताच सगळे आपापल्या शंखात शिरतात. अंडी आणि पिल्लंही तिथेच वाढतात. त्यांच्या या सततच्या उकरण्यामुळे गाडले जाणारे शंख पुन्हा वापरात येतात.

लॅम्प्रोलॉगस ओसेलाटस याची रीत वेगळी. तो निवडलेला शंख वाळूत पुरून टाकतो आणि फक्त तोंड उघडं ठेवतो. दुरून पाहणाऱ्याला शंख दिसतही नाही.

सर्वांत थक्क करणारा लॅम्प्रोलॉगस कॅलिप्टेरस. याचा नर शंख तोंडात धरून वाहून नेतो आणि ढीग रचतो. दुसऱ्या नरांच्या ढिगातले शंखही पळवतो. ढिगावर माद्या येतात, एकेक शंख निवडतात, आत शिरून अंडी घालतात आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, आतच राहून त्यांची काळजी घेतात. आता शंखाचं माप इथे काय करतं ते पाहा. मादी शंखात मावायला हवी, म्हणून तिच्या वाढीला वरची मर्यादा पडते. नराला शंख उचलता यायला हवा, म्हणून त्याच्या आकाराला खालची मर्यादा पडते. परिणाम असा की नर मादीच्या सरासरी बारापटीहून अधिक वजनाचा असतो. मादीपेक्षा नर इतका मोठा असल्याचं दुसरं उदाहरण प्राणिसृष्टीत माहीत नाही. याच जातीत काही नर जन्मतःच खुजे असतात. ते शंख उचलत नाहीत. मादी आत असताना तिच्या बाजूनं सरकून ते शंखाच्या आतल्या टोकाशी जातात आणि तिथून अंडी फलित करतात.

टेल्मॅटोक्रोमिस टेम्पोरालिस हा मासा एरवी खडकांत राहतो. पण शंखांच्या पट्ट्यांवर त्याचं खुजं रूप आढळतं, शंखात मावेल असं. एका गोगलगायीच्या शंखाचं माप दुसऱ्या प्राण्यांच्या शरीराचं माप ठरवतं, ते असं. माशांशिवाय एक छोटा खेकडा, प्लॅटिथेल्फुसा मॅक्युलाटा, हाही या शंखांत आसरा घेतो.

ती दुसरीकडे का नाही?

एकाच प्रदेशात सापडणाऱ्या जातीला प्रदेशनिष्ठ जात म्हणतात. निओथाउमाचे जीवाश्म आज जिथे आल्बर्ट आणि एडवर्ड ही सरोवरं आहेत, त्या खोऱ्यांतल्या जुन्या थरांतही मिळाले आहेत. म्हणजे हा गट एकेकाळी उत्तरेलाही होता. तिथली जुनी सरोवरं बदलत गेली, हवामान पालटलं आणि तिथला निओथाउमा नामशेष झाला. खोल आणि जुन्या टांगानिकानं त्याला सांभाळलं. जगात या गटाची आज ही एकच जात उरली आहे.

मग ती पुन्हा बाहेर का पसरली नाही? तिच्या जगण्याच्या पद्धतीत याचं मोठं उत्तर आहे. या कुळातली मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पोटातच उबवते आणि इवलासा शंख असलेली, रांगू शकणारी पिल्लं बाहेर सोडते. पिल्लू सुरक्षित जन्मतं, पण आईच्या शेजारीच जन्मतं. प्रवाहाबरोबर दूर वाहून जाणारी बाल्यावस्था त्याला नाही. शिवाय ही गोगलगाय क्षारयुक्त, स्थिर पाण्याला आणि रुतायला सोयीच्या विस्तीर्ण वाळूला सरावलेली. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत यांतलं काही नाही. सरोवराचा काठ ही तिच्या जगाची हद्द झाली.

थोडक्यात

- निओथाउमा टांगान्यिसेन्से ही गोगलगाय आज फक्त टांगानिका सरोवरात जिवंत आहे.
- शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आम्लधर्मी, चुना कमी असलेल्या पाण्यात तो विरघळतो.
- टांगानिकाचं पाणी अल्कधर्मी आणि कार्बोनेटनं भरलेलं असल्यामुळे तिथे शंख शतकानुशतकं टिकतात.
- या शंखांत सिक्लिड माशांच्या डझनभराहून अधिक जाती राहतात. काहींच्या शरीराचा आकारही शंखाच्या मापानुसार ठरला आहे.
- गाळ आणि तापमानवाढ हे या अधिवासापुढचे दोन मोठे धोके आहेत; ते पुढे पाहू.

दोन बाजूंनी येणारा धोका

पहिला धोका वरून येतो. सरोवराच्या काठचे डोंगर उभ्या चढाचे आहेत. शेती आणि सरपणासाठी तिथली झाडं तुटली की पावसाबरोबर माती सरळ पाण्यात उतरते. शंखांचे पट्टे उघडे राहतात ते गाळ कमी असल्यामुळेच. गाळ वाढला की रिकामे शंख बुजतात आणि जिवंत गोगलगायींचं खाणं-श्वसन अवघड होतं. उघड्या बोडक्या डोंगरांखालच्या किनाऱ्यांवर गोगलगायी आणि माशांच्या जाती कमी असल्याचं अभ्यासकांना आढळलं आहे.

दुसरा धोका खालून येतो. हवामान तापतं तसं सरोवराचं वरचं पाणी तापतं. गरम पाणी हलकं असतं, ते वरच तरंगतं आणि खालच्या थंड पाण्यात मिसळणं आणखी कमी होतं. त्यामुळे प्राणवायू पोचण्याची हद्द वर सरकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाहणी केलेल्या भागांतला प्राणवायू असलेला तळ १९४६ पासून सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज मांडला गेला. गोगलगाय पोहून वर येऊ शकत नाही. तिच्या पायाखालचा तळच राहण्याजोगा उरत नाही.

यात एक फसगत होण्याचा धोका आहे. शंख शतकानुशतकं टिकतात, त्यामुळे उद्या जिवंत गोगलगायी संपल्या तरी तळ लगेच रिकामा दिसणार नाही. मासे जुन्या शंखांत राहत राहतील आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. पण नवे शंख पडायचे थांबलेले असतील आणि जुने गाळाखाली जात असतील. नुकसान डोळ्यांना दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. म्हणून शंखांच्या ढिगांवर विसंबून चालणार नाही, जिवंत गोगलगायींची मोजदाद नियमित व्हायला हवी. काठच्या चारही देशांनी २००३ साली सरोवराच्या रक्षणासाठी करार केला आहे आणि त्यासाठी संयुक्त प्राधिकरणही आहे. डोंगरउतारांवरची झाडं राखणं हे त्यांच्या हातात आहे. तापमानवाढ रोखणं मात्र त्या चार देशांच्या एकट्यांच्या आवाक्यातलं नाही. त्यात सगळ्या जगाचा वाटा आहे, आपलाही.

आपल्या डोंगरातली गोगलगाय

अशा ठेवी दूरदेशीच असतात असं समजू नये. सह्याद्रीत धबधब्यांच्या तुषारांनी भिजणाऱ्या कातळांवर क्रेम्नोकॉन्कस नावाची छोटी गोगलगाय राहते. तिचं कूळ समुद्रकाठच्या खडकांवरचं, पण ती पूर्णपणे गोड्या पाण्यात राहू लागली. पश्चिम घाट सोडून ती जगात कुठेही नाही. २०१३ साली झालेल्या सविस्तर अभ्यासात तिच्या नऊ जाती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या काही महाराष्ट्रात आहेत, आणि एकेका जातीचा मुलूख अगदी लहान आहे.

एकाच जागी राहणाऱ्या जातीला दुसरं घर नसतं. ती तिथून गेली की जगातूनच जाते, आणि तिच्यावर विसंबलेल्यांचाही आधार जातो. म्हणून पावसाळ्यात धबधब्यावर जाल तेव्हा ओल्या कातळावरच्या गोगलगायी उचलू नका, त्या पाण्यात साबण आणि प्लॅस्टिक जाऊ देऊ नका, आणि वरच्या डोंगरावरची झाडी तुटत असेल तर गावात, ग्रामसभेत त्याबद्दल बोला. टांगानिकाच्या काठावर जे करायला हवं, तेच सह्याद्रीतही करायला हवं आणि ते आपल्याला आजपासून करता येतं.